आरोग्य-विचार : साखर आणि हिरडी

भुसावळच्या एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. औषध वेळेवर दिलें जातें, चहांत साखर नाहीं, भात मोजून वाढला जातो, सकाळच्या अंगणांतल्या फेऱ्याहि चुकत नाहींत. आणि इतकें करून तीन महिन्यांनीं रक्त तपासावें तों आंकडा वरचा वरच. "घरांतील मंडळींचें म्हणणें असें कीं, आई रात्रीं चोरून खात असल्या पाहिजेत. दीरांनीं तर डब्यांतले लाडू मोजून ठेवावयास सुरुवात केली आहे. मला हें पाहवत नाहीं. काय करावें?"

काय करावें हें सांगण्यापूर्वीं मला त्या भगिनीस एक गोष्ट विचारावयाची आहे. सासूबाईंच्या हिरड्यांतून रक्त येतें काय? दांत घांसतांना, किंवा पेरू-सफरचंदासारखें कठीण फळ चावतांना? त्या अलीकडे बोलतांना तोंडापुढें पदर धरतात काय?

प्रश्न विक्षिप्त वाटेल. साखरेची तक्रार केली असतां हा मनुष्य दांतांचें काय काढून बसला, असें कोणीहि म्हणेल. सहा वर्षांपूर्वीं मीहि तसेंच म्हटलें असतें. हा प्रश्न मला कसा सुचला ती हकीगत सांगितल्यानें माझी शोभा होणार नाहीं, तरी सांगतों.

आमच्या जळगांवच्या घरांत थोरल्या वहिनींच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. मी स्वतः डॉक्टर; पस्तीस वर्षें याच गांवांत रोगी पाहत आलों. वहिनींचा मधुमेह मींच ओळखला, औषधहि माझेंच. त्यांचें वय तेव्हां ६८. बांधा सडपातळ, खाणें बेताचें. (सडपातळ माणसास मधुमेह कसा, असें अजूनहि पुष्कळ लोक विचारतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं वर्षानुवर्षें काम करून दाखविलें आहे कीं, आम्हां भारतीयांचें शरीर वरून बारीक दिसलें तरी आंत चरबी बाळगून असतें.) तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आंकडा काढतात, ज्याला एच-बी-ए-वन-सी म्हणतात, तो वहिनींचा ७.४ होता, तो ८.३ झाला, मग ९.१ झाला. मीं गोळ्यांची मात्रा दोनदां वाढविली. तिसऱ्या वेळीं कागद हातांत घेऊन मी एवढेंच म्हणालों, "वहिनी, कांहीं पोटांत जात असेल तर सांगा. मी रागावणार नाहीं."

त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु डॉक्टरच्या तोंडून निघालेला संशय घरांत निकालासारखा मानला जातो. दुसऱ्या दिवशीं फडताळाला कुलूप लागलें आणि किल्ली धाकट्या सुनेकडे गेली. ज्या बाईच्या कमरेला चाळीस वर्षें साऱ्या घराच्या किल्ल्या होत्या, तिला संध्याकाळीं नातवाच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवावयाचा तर सुनेला हांक मारावी लागूं लागली. सून भली, ती लाजून किल्ली देई आणि पाठ वळवी. पण पाठ वळविणें हेंहि एक बोलणेंच असतें.

पुढें वैशाखांत धुळ्यास एका आप्तांकडे मुंज निघाली. १९०६ सालीं सरकारनें खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पुढें त्यांचे जळगांव आणि धुळें जिल्हे झाले, १९९८ सालीं नंदुरबारहि निराळा झाला. तरी आमच्याकडच्या सोयरिकी या सीमा मानीत नाहींत, आणि एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी एस. टी. आम्हांला घरच्या ओटीसारखी झाली आहे. धुळ्यास माझी भाची दंतवैद्यकाचा व्यवसाय करते. पंगतींत ती वहिनींच्या शेजारीं बसली होती. वहिनींनीं पुरी बाजूला सारली, कोशिंबीर तशीच ठेवली, आणि भात ताकांत कालवून तो जवळजवळ न चावतां गिळला, हें तिनें पाहिलें. वर एक केळें घेतलें. भाचीनें तेव्हां कांहीं म्हटलें नाहीं. संध्याकाळीं ती वहिनींना "मामी, माझा दवाखाना तरी पाहा," असें म्हणून घेऊन गेली, आणि तासाभरानें मला बोलावणें आलें.

वहिनी खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. भाचीनें बोटानें खालची हिरडी किंचित् दाबली, तों दांताच्या कडेनें पू वर आला. उजवीकडच्या दोन दाढा हातानें हलत होत्या.

"मामा, मामींच्या तोंडांत तुम्हीं शेवटचें केव्हां पाहिलें होतें?"

"दर वेळीं जीभ पाहतोंच कीं."

"जिभेभोंवतीं दांतहि असतात, मामा."

मी निरुत्तर झालों. पस्तीस वर्षांत मीं वहिनींचें रक्त पाहिलें, लघवी पाहिली, डोळ्यांचा पडदा पाहविला, पायांची बोटें उलगडून पाहिलीं. त्यांच्या हिरड्यांतून दोन वर्षें रक्त येत होतें आणि तें मला ठाऊक नव्हतें. कां सांगितलें नाहीं, असें विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हातारपणीं दांत जायचेच. सांगितलें असतें तर तुम्हीं मीठ-पाण्याच्या गुळण्या करा म्हणाला असतां." आणि खरोखरच मी तेंच म्हणालों असतों.

आतां या दोहोंचा संबंध काय तो पाहूं.

मनुष्याच्या मुखांत राहणाऱ्या जंतूंच्या सातशेंहून अधिक जाती आजवर आढळल्या आहेत. सगळ्या एकाच तोंडांत नांदतात असें नव्हे, आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानें १६८३ सालीं आपल्या दांतांमधला पांढरा लगदा स्वतःच्या हातानें घांसलेल्या भिंगाखालीं पाहिला, आणि त्यांत वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्र लिहिलें. हा गृहस्थ रोज मिठानें दांत घांसणारा होता, हें विशेष. म्हणजे स्वच्छ माणसाच्या तोंडांतहि जंतु असतातच. प्रश्न ते कोठें आणि किती दिवस निवांत बसतात हा आहे.

दांत घांसल्यावर कांहीं तासांतच त्यांवर जंतूंचा एक पातळ, चिकट थर बसूं लागतो. तो रोजच्या रोज निघाला तर ठीक. न निघाला तर लाळेंतले क्षार त्यांत उतरतात आणि कांहीं दिवसांत त्याचें किटण होतें. तें मग ब्रशानें काय, कशानेंच घरीं निघत नाहीं. किटणाच्या कडेशीं हिरडी सुजते, लाल होते, तिच्यांतून रक्त येऊं लागतें. पुढें हिरडी दांतापासून सुटते आणि मध्यें एक खोबण तयार होते. निरोगी हिरडी आणि दांत यांतील ही फट तीन मिलिमीटरपर्यंत असते. वहिनींच्या दाढांपाशीं ती सात भरली. इतक्या खोल खोबणींत हवा पोंचत नाहीं, आणि हवेवांचून वाढणारे जे खरे उपद्रवी जंतु, ज्यांत पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस या लांबलचक नांवाचा जंतु अग्रगण्य आहे, त्यांना ती आयती कोठडी मिळते. त्यांच्याशीं लढतां लढतां शरीर आपलेंच हाड झिजवितें, आणि दांत हलूं लागतो. आमच्या लहानपणीं दंतमंजनाच्या जाहिरातींत "पायोरिया" हें नांव घरोघर गेलें होतें. तो पायोरिया म्हणजे हाच रोग.

यांतली फसवी गोष्ट अशी कीं, हें दुखत नाहीं. दांत किडला तर मनुष्य रात्रभर कण्हतो आणि सकाळीं दंतवैद्याचें दार ठोठावतो. हिरडी वर्षानुवर्षें मुकाट्यानें झिजते. थोडें रक्त, थोडी दुर्गंधी, दांतांत अन्न अडकणें, दांत पूर्वींपेक्षां लांब दिसणें. एवढ्यावर कोणी डॉक्टरकडे जात नाहीं. तोंडांतल्या अशा सगळ्या खोबणी उलगडून पसरल्या तर कांहीं चौरस सेंटीमीटरांची उघडी, पू धरलेली जखम होईल. एवढी जखम मधुमेह्याच्या तळपायास असती तर सारें घर घाबरें झालें असतें. तोंडांत आहे म्हणून ती खपून जाते.

गळूं झालें, ताप आला, कीं मधुमेह्याची साखर चढते, हा अनुभव पुष्कळ घरांना आहे. कारण असें. इन्शुलिन हें रक्तांतील साखरेला पेशींच्या आंत घेणारें द्रव्य. त्याचा शोध १९२१ सालीं टोरँटोस लागला आणि पुढच्याच वर्षीं तें रोग्यांना मिळूं लागलें. शरीरांत कोठें जंतूंशीं झगडा चालू असला कीं संरक्षक पेशी कांहीं रासायनिक निरोप रक्तांत सोडतात, टी. एन. एफ.-आल्फा, इंटरल्यूकिन-६ हीं त्यांतलीं नांवें. यकृत त्या निरोपांना उत्तर म्हणून आणखी द्रव्यें सोडतें. हे निरोप इन्शुलिनच्या कामांत आडवे येतात: इन्शुलिन पेशीच्या दाराशीं हजर असतें, पण दार उघडत नाहीं, आणि साखर रक्तांतच फिरत राहते. गळूं आठ दिवसांत फुटून बरें होतें. सुजलेली हिरडी हें न फुटणारें गळूं होय. त्यांतून हे निरोप मंदपणें पण अष्टौप्रहर रक्तांत जातात. शिवाय घास चावतांना खोबणींतले जंतुहि थोडेथोडे रक्तांत शिरतात.

याची उलट बाजूहि तितकीच खरी आहे. रक्तांत साखर फार दिवस वाढलेली राहिली कीं ती प्रथिनांना चिकटते, बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी आपलें काम नीट करीत नाहींत, हिरडीची झीज लवकर भरून येत नाहीं, आणि तोंडाला कोरड पडून लाळेचें धुणें कमी होतें. ज्याचा मधुमेह आवरांत नाहीं त्यास हिरडीचा हा रोग होण्याचा संभव इतरांहून सुमारें तिप्पट असतो. हॅराल्ड ल्योए या दंतशास्त्रज्ञानें १९९३ सालीं या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलें. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतु, लहान-मोठ्या रक्तवाहिन्या आणि जखमा यांच्या पंक्तीस त्यानें हिरडीला बसविलें. साखर हिरडी बिघडविते आणि बिघडलेली हिरडी साखर वाढविते, असें हें रहाटगाडगें आहे. वहिनींचें एक चाक आणखी होतें, तें मागाहून ध्यानांत आलें. दांत हलत म्हणून त्यांना भाकरी चावेना. कळण्याची भाकरी सुटली, मेथीची भाजी सुटली, काकडी-मुळा सुटला. राहिला मऊ भात, दूध-पोळी, केळें. सगळेच साखरेला वेगानें चढविणारे पदार्थ. केळ्यांच्या जिल्ह्यांत केळें हें कोणाला औषधाविरुद्ध वाटतच नाहीं. आणि आम्ही फडताळांतले लाडू मोजीत बसलों!

हें सर्व शास्त्रानें कितपत सिद्ध आहे, अशी शंका सुशिक्षित वाचक घेतील, आणि घ्यावीच. कारण दांतांच्या बाबतींत वैद्यकानें एकदां मोठा अतिरेक केलेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत युरोप-अमेरिकेंत असें मत बळावलें कीं, संधिवातापासून वेडापर्यंत पुष्कळ रोगांचें मूळ दांतांतील पुवांत आहे. झालें! धडधाकट दांतहि संशयावरून उपटले गेले, बत्तिशीच्या बत्तिशी रिकाम्या झाल्या, आणि रोग होते तेथेंच राहिले. त्या अनुभवानंतर डॉक्टरमंडळींनीं दांतांचें नांवच टाकलें. माझ्या शिक्षणाच्या काळांत तोंड हा दंतवैद्याचा प्रांत आणि गळ्याखालचें शरीर आमचा, अशी वांटणी पक्की झालेली होती. त्या वांटणीचें फळ वहिनींनीं भोगलें.

पुढें हा विषय पुन्हां वर आला तो बऱ्याच अंशीं अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांतांत राहणाऱ्या पिमा लोकांमुळें. या आदिवासींत मधुमेहाचें प्रमाण जगांत अत्यंत मोठें. म्हणून त्यांचा अभ्यास अनेक दशकें चालला. त्यांच्यांत ज्या मधुमेह्यांच्या हिरड्या फार बिघडलेल्या होत्या, त्यांची साखर पुढें आवरण्यास कठीण गेली. आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या माहितीप्रमाणें अशा लोकांत हृदयविकारानें व मूत्रपिंडाच्या विकारानें होणारे मृत्यु ३.२ पट आढळले. अर्थात् जो हिरडीची हेळसांड करतो तो औषधाचीहि करीत असेल, असा आक्षेप येथें घेतां येतो. त्याचें उत्तर एकच: हिरडी बरी करून साखर उतरते का तें पाहणें.

तेंहि पाहिलें गेलें आहे. २०१३ सालीं अमेरिकेंत पांचशेंहून अधिक मधुमेह्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांच्या हिरड्यांवर उपचार केले, निम्म्यांच्या सहा महिने लांबविले. साखरेंत फरक पडला नाहीं. टीकाकारांनीं म्हटलें कीं, हिरड्या पुरत्या साफच झाल्या नव्हत्या. २०१८ सालीं लंडनच्या एका प्रयोगांत २६४ रोगी घेतले आणि एका गटावर वर्षभर कसून उपचार केले. त्या गटाचा आंकडा दुसऱ्या गटाहून ०.६ नें खालीं राहिला. २०२२ सालीं अशा ३५ प्रयोगांचा एकत्र हिशेब कॉक्रेन या संस्थेनें मांडला, त्यांत तीन-चार महिन्यांनीं सरासरी ०.४३ ची उतार दिसली. म्हणजे नऊचे साडेआठ. हा चमत्कार नव्हे. परंतु मधुमेहाच्या औषधांत दुसरी गोळी जोडून जेवढा लाभ होतो, त्याच्या आसपासचा हा लाभ आहे, आणि त्याबरोबर दांत वांचतात तें निराळेंच. म्हणून हिरडी साफ करून घेतली म्हणजे गोळ्या किंवा इन्शुलिन सोडावें, असा अर्थ कोणीं काढला तर तो स्वतःचा घात करील. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणींत आपल्या देशांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटी दहा लाख आली. एवढ्या लोकांत अर्ध्या टक्क्याचा फरक क्षुल्लक म्हणवत नाहीं.

आमच्या घरांतले संस्कृतज्ञ काका, ज्यांना मी "नाना" म्हणतों, त्यांना ही हकीगत सांगितली तेव्हां ते उठून सुश्रुतसंहिता घेऊन आले. प्रमेहाच्या निदानांत, रोग प्रकट होण्यापूर्वींचीं जीं चिन्हें सांगितलीं आहेत त्यांत टाळू, गळा, जीभ आणि दांत यांवर मळ सांठणें हें एक चिन्ह स्पष्ट दिलेलें आहे. माधवनिदानांतहि तें आहे. आमचें सारें शास्त्र पूर्वींच आमच्या ग्रंथांत होतें असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नाहीं. सुश्रुतास जंतु ठाऊक नव्हते आणि इन्शुलिनहि नव्हतें. पण त्या वैद्यांनीं रोग्याला तोंड उघडावयास लावून आंत पाहिलें होतें एवढें मात्र खरें, आणि तें मीं केलें नव्हतें. नाना या गोष्टीवर आठवडाभर प्रसन्न होते.

वाग्भटानें दिनचर्येंत दांत घांसण्यास रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्या आहेत, आणि आमच्याकडे खेड्यांत निंब-बाभळीची काडी अजून चालते. काडी वाईट नाहीं. ती चावून तिचा कुंचला नीट झाला आणि हिरडीच्या कडेनें हलकेच फिरविली तर थर निघतो. दोन दांतांच्या मधल्या सांदींत मात्र ती शिरत नाहीं. तेलाच्या गुळण्यांविषयींहि असेंच: तोंड बरें वाटतें, किटण जागचें हलत नाहीं. कोळशाची पूड, राख, जाडें मीठ यांनीं घांसणें सोडावें. त्यानें दांताचें कवच झिजतें. मशेरीविषयीं मात्र गोड बोलतां येत नाहीं. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड खानदेशांत पुष्कळ बायका दांतांना लावतात, आणि आपल्या मंडळींत मशेरी नसली तरी तपकिरीची डबी कित्येक आजीबाईंच्या उशाशीं असते. ती लावल्यानें हिरडीची ठणक दबते, म्हणून ती औषध वाटते. वस्तुतः तंबाखू हिरडीचा रोग वाढविते; त्यांतून धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतें, आणि रोग आंत वाढत असतां बाहेरची खूणच पुसली जाते. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालापासून बंदी आहे. बंदी आहे एवढेंच लिहितों.

मऊ ब्रश, दिवसांतून दोन वेळां, त्यांतली एक वेळ रात्रीं निजण्यापूर्वींची. जोर दांतावर नको, हिरडी आणि दांत यांच्या सांध्यावर हलका हात हवा. सांदींसाठीं बारीक ब्रश मिळतात ते दंतवैद्यास विचारून घ्यावे. कवळी असेल तर ती रात्रीं काढून, घांसून, पाण्यांत ठेवावी. रक्त येतें म्हणून घांसणें बंद करणारे लोक मीं पाहिले आहेत. हें म्हणजे धूर होतो म्हणून विस्तवावर पाणी न टाकण्यासारखें आहे. मधुमेह्यानें वर्षांतून एकदां डोळे तपासावे तसें तोंडहि तपासावें, आणि हिरडी बिघडलेली असेल तर दंतवैद्य सांगेल तितक्या वेळां.

"किटण काढल्यानें दांत सैल होतात" ही समजूत घरोघर आहे. त्यांत अनुभवाचा अंश आहे, म्हणून ती जात नाहीं. किटणाच्या भिंतीनें दोन हलणारे दांत एकमेकांना बांधलेले असतात. भिंत काढली कीं ते होते तितके सैल दिसूं लागतात, आणि सूज उतरून फटी दिसतात. दांत किटण काढल्यानें सैल झालेले नसतात, किटणामुळें झालेले असतात. मधुमेह्याचा दांत काढूं नये, हेंहि अर्धसत्य आहे. साखर बऱ्यापैकीं आवरांत असली, दंतवैद्यास रोगाची आणि औषधांची सारी माहिती दिली, तर तो सुखरूप काढतां येतो. एक चूक मात्र फार होते. सकाळची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन रोगी उपाशीं पोटीं दंतवैद्याकडे जातो, तेथें तास मोडतो, आणि साखर एकाएकीं खालीं जाऊन घाम सुटून भोंवळ येते. न्याहारी करून, औषध घेऊन, सकाळच्या वेळींच जावें. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर तीहि सांगावी. आपल्या मनानें बंद करूं नये.

खर्चाचा प्रश्न असतोच. धुळ्यास जवाहर मेडिकल फाउंडेशनचें ए. सी. पी. एम. दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम करतात, आणि हिरडीच्या रोगांचा विभाग निराळा असतो. वेळ जास्त लागतो, पण काम मन लावून होतें, असा माझ्या कांहीं रोग्यांचा अनुभव आहे.

वहिनी धुळ्यास तीन आठवडे राहिल्या. भाचीनें चार बैठकींत सारें तोंड साफ केलें, खोबणींत उतरून दांतांच्या मुळांवरचें किटण खरवडलें, हलणाऱ्या दोन दाढा काढल्या. पहिल्या बैठकीनंतर वहिनींनीं मला फोन केला, तो औषधासाठीं नव्हे. म्हणाल्या, "भाऊजी, तोंडाला चव आली." दीड महिन्यानें त्या भाकरी खाऊं लागल्या. तीन महिन्यांनीं आंकडा ९.१ वरून ८.४ वर आला आणि त्यानंतर ७.८ वर. यांतलें किती श्रेय हिरडीचें, किती भाकरी-भाजीचें आणि किती घरानें कुलूप काढल्याचें, हें मला वेगळें करून सांगतां येणार नाहीं. गोळ्यांची मात्रा मात्र मला पुढें वाढवावी लागली नाहीं.

कुलूप आम्हीं वहिनी परत येण्याच्या आदल्या दिवशींच काढलें. धाकट्या सुनेनें किल्ली त्यांच्यापुढें ठेवली आणि ती रडली. वहिनींनीं तिच्या पाठीवरून हात फिरविला, पण किल्ली उचलली नाहीं. ती आठ-दहा दिवस देव्हाऱ्याच्या कोनाड्यांत पडून होती. कोणीं तिला हात लावला नाहीं, मींहि नाहीं. मग एके दिवशीं ती तेथें नव्हती, आणि स्वयंपाकघरांतून जुन्या जुडग्याचा आवाज ऐकूं आला.

भुसावळच्या भगिनींना मीं खासगी उत्तर धाडलें आहे. त्यांच्या सासूबाईंना दंतवैद्याकडे न्यावें, आणि तोंवर लाडू मोजणें थांबवावें, एवढेंच त्यांत आहे. कदाचित् त्यांच्या हिरड्या उत्तम असतील. मग साखर चढण्याचें कारण दुसरीकडे शोधावें लागेल, मूत्रमार्गांतला जंतुसंसर्ग, औषध घेण्याची वेळ, एखादें दुसरें औषध, असें पुष्कळ असूं शकतें. चोरून खाणें हेंहि एक कारण असतेंच. तें मीं यादींत शेवटीं ठेवलें आहे.

हा लेख लिहून झाल्यावर तो वहिनींना वाचून दाखविला, कारण त्यांच्या परवानगीवांचून तो छापणें योग्य झालें नसतें. त्यांनीं सगळा ऐकला, दोन ठिकाणीं दुरुस्ती सांगितली, आणि मग चष्मा पुसत विचारलें, "भाऊजी, तुमचे स्वतःचे दांत शेवटचे कोणीं पाहिले?" पुढच्या शनिवारीं मी पारोळ्याच्या वाटेनें धुळ्यास गेलों. भाचीनें माझ्या डावीकडच्या दोन दाढांपाशीं पांच मिलिमीटर मोजले.